संशोधक विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे

कमला सोहोनी, म्हणजे त्या वेळच्या कमला भागवत, यांनी 1933 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतल्यावर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षाधीन आणि मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम, अशा अटींवर. पुढे त्यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषवले. ही हकीकत आपण जिद्दीची कहाणी म्हणून सांगतो. मला मात्र त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: एका माणसाच्या मर्जीवर एका संशोधिकेचे भवितव्य अवलंबून होते आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती.

ती रचना आजही पुष्कळ अंशी तशीच आहे. फेलोशिपचे पैसे, मुदतवाढ, प्रबंधाच्या सारांशाची मंजुरी, परिषदेला जाण्याची परवानगी, नोकरीसाठीचे शिफारसपत्र, या प्रत्येक कागदावर गाइडची सही लागते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ ही फेलोशिप, जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली हे चांगलेच झाले. पण ती रक्कम एका सहीवर अडून राहू शकत असेल, तर ज्याच्या घरी तेवढ्यावरच सगळे चालते त्या विद्यार्थ्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघणार कसा?

म्हणूनच समावेशकता आणि संशोधनातील सचोटी हे दोन वेगळे विषय आहेत, असे मी मानत नाही. आकड्यांशी झालेली छेडछाड सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते? विभागप्रमुखांच्या नव्हे, जर्नलच्या परीक्षकांच्याही नव्हे. प्रयोग स्वतःच्या हातांनी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या. चार वेळा केलेल्या प्रयोगात जेलवर (प्रथिने किंवा डीएनए ज्यात पट्ट्यांच्या रूपात वेगळे होतात त्या पातळ थरावर) एकदाच हवा तसा पट्टा उमटला, बाकीच्या तीन जेलचे फोटो ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवायला सांगितले गेले, हे त्याच्या नोंदवहीत तारखेसह असते. हा विद्यार्थी गावाकडून आलेला, घरातला पहिला पदवीधर, आरक्षणावरून टोमणे ऐकलेला किंवा इंग्रजीत अडखळणारा असेल, तर तो गप्प राहण्याची शक्यता अधिक, आणि त्याच्या गप्प राहण्यावरच तो खोटा निष्कर्ष छापून येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतर लेखनाशी साम्य 10 टक्क्यांच्या पुढे गेले की कारवाई होते. नियम योग्यच आहे, परंतु सॉफ्टवेअर फक्त शब्दांची चोरी पकडते. ज्याने एकही प्रयोग केला नाही त्याचे नाव शोधनिबंधावर पहिले आले आणि जिने दोन वर्षे पेशी वाढवल्या तिचे नाव आभारांच्या ओळीत गेले, तर साम्याचा अहवाल स्वच्छच येतो. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी लेखकत्वासाठी चार कसोट्या घातल्या आहेत: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. आपल्याकडे किती विभागांत हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात कोणी समजावून सांगते?

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 चा कायदा आहे, आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तक्रार समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असे आयोगाचे 2015 चे नियम सांगतात. जातीवरून होणारा अपमान, हिसकावून घेतलेले लेखकत्व, दडवलेली आकडेवारी, यांसाठीही तितकीच स्पष्ट वाट हवी, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती त्याच विभागातली नसावी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला विभागाबाहेरचा दुसरा मार्गदर्शक मिळावा आणि फेलोशिपच्या कागदांवर त्याचीही सही चालावी; लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच लेखी ठरावा आणि वाटा बदलला तर सर्वांसमक्ष बदलावा; मूळ नोंदवह्या आणि कच्ची आकडेवारी संस्थेच्या ताब्यात राहावी; आणि गाइड बदलण्याचा अर्ज केल्यास आधीची वर्षे वाया जाणार नाहीत, हे संस्थेने लिहून द्यावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे अनुदान लागत नाही, विद्यापीठाच्या विद्यापरिषदेचा एक ठराव पुरतो.