खुर्च्या वाढल्या, किल्ली कमरेलाच

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय: 'अमेरिकेची सद्दी संपली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत (आयएमएफ) चीन-भारताला मतांचा वाटा द्यावा लागला, जागतिक बँकेवर पुण्यात जन्मलेला माणूस बसला आणि भारत, चीन, रशिया वगैरे देशांच्या ब्रिक्स गटामुळे आता नाणेनिधीची गरजच उरली नाही.'

वाटा मिळाला, हे खरं. पण किती आणि कसा? मतांची वाटणी बदलणारी सुधारणा ठरली 2010 मध्ये. अमेरिकी काँग्रेसने ती 2015 च्या डिसेंबरपर्यंत लटकवली, लागू व्हायला 2016 चा जानेवारी उजाडला. चीनची मतं 3.8 टक्क्यांवरून 6 टक्क्यांच्या आसपास गेली, भारताची 2.6 वर. अमेरिकेची 16.7 वरून उतरली ती फक्त 16.5 वर. मेख इथेच आहे. निधीतल्या मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात. म्हणजे बाकी सगळं जग एका बाजूला उभं राहिलं तरी वॉशिंग्टनच्या 'नाही'पुढे त्याचं काही चालत नाही. 2023 मध्ये कोटा, म्हणजे प्रत्येक देशाने निधीत भरायची आणि मतं ठरवणारी रक्कम, आणखी 50 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा एकाच प्रमाणात. भांडं मोठं झालं, वाटणी जिथल्या तिथे.

जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगांचा जन्म खडकीचा, बरोबर. मलाही बरं वाटलं होतं. पण ते अमेरिकी नागरिक आहेत, नाव तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सुचवलं आणि समोर दुसरा उमेदवारच नव्हता. बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने ठरवायचा हा जुना रिवाजच पुढे चालला.

ब्रिक्सच्या बाबतीत तर दोन गोष्टींची गल्लत झालीय. ब्रिक्सची शांघायमधली बँक रस्ते, वीज, पाणी अशा प्रकल्पांना कर्ज देते. परकीय चलनाची गंगाजळी आटली तर मदतीला ब्रिक्सचाच वेगळा राखीव निधी आहे, 100 अब्जांचा, तोही डॉलरमध्ये मोजलेला. त्यातलं एक कलम मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही: आपल्या मर्यादेच्या 30 टक्के रक्कम देशाला थेट उचलता येते, उरलेल्या 70 टक्क्यांसाठी नाणेनिधीचा कर्ज-कार्यक्रम चालू असावा लागतो. ज्याला पर्याय द्यायचा, त्याचीच चिठ्ठी आणायची!

अमेरिकेला कुणी धक्काच दिला नाही, असंही नाही. 2015 मध्ये तिची नाराजी पत्करून ब्रिटन चीनच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत गेला, पाठोपाठ जर्मनी, फ्रान्सही. भारत त्या बँकेचा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे. पहिल्या क्रमांकावरच्या चीनकडे सुमारे 26 टक्के मतं आहेत, आणि तिथे मोठ्या निर्णयांना 75 टक्के लागतात. म्हणजे तिथली किल्ली चीनच्या कमरेला.