तडजोडीतलं दुसरं कलमही वाचा

कॅलिफोर्नियातल्या 'प्रपोझिशन ६५' या कायद्याप्रमाणे मालात कर्करोग किंवा प्रजननाला अपाय करणारी रसायनं असतील, तर कंपनीला तसा इशारा द्यावा लागतो. इशारा दिला नाही म्हणून नोटीस मिळालेल्या कंपन्यांशी होणाऱ्या तडजोडी म्हणजे नुसती वकिलांची कमाई, असा एका लेखाचा सूर आहे. मला तो अर्धाच पटला. वकिलांची फी बहुतेक वेळा दंडाहून मोठी असते हे खरं, आणि ते मलाही खटकतं. दंडातले २५ टक्के नोटीस देणाऱ्या खासगी पक्षाला मिळतात, ७५ टक्के राज्याला.

पण तडजोडीच्या कागदांत बऱ्याचदा माल बदलण्याचंही कलम असतं, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही! मऊ प्लॅस्टिकच्या पर्स, पाउच, हातमोजे यांतलं डीईएचपीसारखं थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १००० भागांच्या, आत आणू, असं कंपनी लिहून देते. हे रसायन प्लॅस्टिकला पक्कं बांधलेलं नसतं. हळूहळू बाहेर येतं, हाताला लागतं, तिथून तोंडात जातं. रांगतं मूल तर दिसेल ते चोखतं, त्याला कुठला इशारा वाचता येणार? म्हणून लेबल चिकटवण्यापेक्षा रसायनच काढून टाकणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

१९८६ साली मतदारांनीच हा कायदा मंजूर केला. नोटिशीनंतर ६० दिवसांत सरकारी वकील पुढे आले नाहीत, तर खासगी व्यक्तीही कोर्टात जाऊ शकते. हा हक्क राहायलाच हवा.

माझा राग आहे तो इशाऱ्याच्या भाषेवर. कोणतं रसायन ते न सांगता नुसतं 'कर्करोगाचा धोका' छापून कंपन्या वर्षानुवर्षं सुटल्या. आता छोट्या इशाऱ्यातही निदान एका रसायनाचं नाव देणं भाग आहे, पण जुन्या मजकुराला २०२८ पर्यंत मुभा. एवढी सवलत कशासाठी?