तो लांब नाकाचा काय करतो?

आज मावशीकडे तिचा नातू भेटला. नववीत आहे. छातीवर पांढऱ्या केसांचा लुफी, 'वन पीस' या चाच्यांच्या जपानी कॉमिकचा नायक, असलेला टी-शर्ट. मी म्हटलं, वा, वन पीस! तुझा आवडता कोण? गड्याने झोरो, शँक्स, लॉ अशी नावं घेतली. मी विचारलं, आणि लुफीच्या जहाजावरचा उसोप? तर म्हणतो, "तो लांब नाकाचा? तो काय करतो?"

डोकंच फिरलं. त्या पोरावर नाही, ही कॉमिक लिहिणाऱ्या ओडांवर. कारण मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या घरी चेतक होती, पप्पांची. पाय ठेवायची जागा सडली तेव्हा पप्पांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिथे रिबिटा मारल्या होत्या. डब्यावरचं अर्धं सूर्यफूल माझ्या चपलेखाली यायचं. पुढे मेकॅनिकने सांगितलं, बॉडीच गेली, वेल्डिंग धरणार नाही. मी म्हटलं, विकून टाका. धाकटा भाऊ चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याच सुमारास हॉस्टेलच्या एका पीसीवर मी वन पीसमधला वॉटर सेव्हनचा भाग वाचला. गोइंग मेरी म्हणजे लुफीच्या टोळीचं जहाज, उसोपच्या मैत्रिणीने, कायाने दिलेलं, मेंढीच्या तोंडाचं. ते फुटलं की ठिगळं मारायची उसोपने, आणि तो काही सुतार नव्हे. कारागीर म्हणतात, कणाच मोडलाय, आता दुरुस्ती नाही. लुफी म्हणतो, नवीन घेऊ. आणि हा घाबरट उसोप, जो मुंगीला पाहूनही पळेल, तो कॅप्टनला म्हणतो, माझ्याशी लढ. हरणार हे माहीत असून. मी तोवर लुफीच्या बाजूने होतो. ते पान वाचलं आणि घरी फोन लावला. धाकट्याने उचलला नाही, ते सोडा.

अशी गोष्ट लिहिणारा माणूस आज काय करतोय? १९९७ पासून चाललंय. सुरुवातीला पाच वर्षांत संपवायचा बेत होता म्हणे! आता अकराशेच्या वर प्रकरणं झालीत. वानो देशात ओडेन नावाच्या सामुराईचा भूतकाळ. मग कुमा नावाच्या आणखी एका पात्राचा भूतकाळ. जगाच्या इतिहासातून गाळलेली शंभर वर्षं, जग चालवणारे पाच म्हातारे, लुफीच्या अंगात येणारा सूर्यदेव. लुफीच्या जहाजावर दहा जण आहेत हो, दहा! त्यांना एकेक चौकट, तीही तोंड वासून "काय?!" म्हणायला. 'मला जगायचंय' म्हणून ओरडणारी रॉबिन आता शिलालेख वाचून दाखवते. उसोपकडे तर तेवढंही काम नाही.

हो, ड्रेसरोसाच्या लढाईत त्याने लांबून शुगर या शत्रूवर नेम धरला, मान्य. कुमाच्या वेळी मीही रडलो, तेही मान्य. पण म्हणून?

आणि एल्बाफ, राक्षसांचा मुलूख! लिटल गार्डनमध्ये ते दोन राक्षस भेटल्यापासून उसोप एल्बाफचं नाव घेत होता. त्याच्या स्वप्नातलं गाव. आम्ही वीस-पंचवीस वर्षं थांबलो. पोहोचलो एकदाचे, तर तिथे अडतीस वर्षांपूर्वीच्या गॉड व्हॅलीतल्या लढाईची कथा सुरू झाली. म्हणजे लग्न आपल्या पोराचं आणि मांडवात गोष्टी आजोबांच्या पराक्रमाच्या.

लोक म्हणतील, गोष्ट मोठी झाली की असं होणारच. होत असेल. पण मला जगाचा इतिहास नको होता, मला तो पत्रा ठोकणारा हवा होता. आपल्यापैकी कोणाच्या अंगात सूर्यदेव येणार आहे? आपण सगळे ठिगळं मारणारेच ना?

रागारागात धाकट्याला फोन लावला. आता तो नागपूरला असतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, मी केव्हाच सोडलं वाचायचं. मेरी जाळली ना, तिथेच थांबायचं." ते प्रकरण आठवतंय? बर्फ पडतोय, आणि ते जहाजच माफी मागतंय, मला तुम्हाला अजून पुढे न्यायचं होतं म्हणून. फोनवर दोघंही गप्प.

मग म्हणाला, "तुला सांगितलं नाही कधी. भंगारवाला यायच्या आदल्या रात्री मी छिन्नीने तो पत्रा काढून घेतला होता. आहे माझ्याकडे."

आत्ता फोटो पाठवलाय त्याने. सूर्यफूल बरंचसं गेलंय. रिबिटांची भोकं तेवढी दिसतात, आठ.