मकान मालिक व्हा, निवांत बसा

सगळ्यात आधी कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाका. किरायासाठी घर घेणाऱ्या नव्या माणसाचं जेवढं नुकसान कॅल्क्युलेटरने केलंय तेवढं कोणी नाही केलं. चांगला उत्साहात असलेला माणूस, वर्षाचा किराया आणि घराची किंमत या दोन आकड्यांचा भागाकार करतो आणि एफडी करून मोकळा होतो. तुम्हाला असलं काही करायचं नाहीये. तुम्हाला मकान मालिक व्हायचंय.

साइट बघायला रविवारीच जा, आणि पोहे-जलेबी खाऊन जा, रिकाम्या पोटी माणूस उगाच प्रश्न विचारतो. इंदूरमध्ये सध्या कुठे बघायचं हे काही मी सांगायला नको, ब्रोकर तुम्हाला सुपर कॉरिडॉर नावाच्या नव्या भागातच नेणार. टीसीएस, इन्फोसिस आणि मेट्रो हे तीन शब्द तो एका दमात म्हणेल, मेट्रो 31 मे 2025 पासून खरंच चालू झालीय, सुरुवातीला सहाच किलोमीटर का होईना, आणि बाल्कनीत उभं राहिलं की दिसतेही. आता ती तुमच्या भावी किरायेदाराला नेमकी कुठे नेऊन सोडणार हे विचारून त्या गरीब ब्रोकरचा मूड घालवू नका. तो म्हणेल, "भिया, अगले साल ये रेट नहीं मिलेगा." हे वाक्य मी दहा-बारा वर्षं ऐकतोय आणि खोटं नाहीये ते, रेट वाढतोच, फक्त किराया त्याला ओळख दाखवत नाही.

तरी प्रत्येक घरात एखादं चिकट माणूस असतंच. आमच्याकडे ही आहे. हिने किराण्याच्या यादीच्या मागे हिशेब मांडला. फ्लॅट 50 लाखांचा. बँक 80 टक्के देणार म्हणजे 40 लाख, उरलेले 10 आपले. वर रजिस्ट्रीचे साडेबारा टक्के, म्हणजे सव्वासहा लाख, आणि ते बँक किमतीत धरत नाही, तेही खिशातूनच. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 34,713 रुपये. किराया येणार 13,000. "मग वरचे 21,713 दर महिन्याला कोण देणार?" असं तिने विचारलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

अशा वेळी घाबरायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "अगं, टॅक्स वाचतो ना." हे वाक्य आपल्याकडे ब्रह्मास्त्र आहे, समोरचा गप्पच होतो कारण नक्की कसा वाचतो ते त्यालाही माहीत नसतं. खरं म्हणजे किरायाच्या उत्पन्नातून 30 टक्के सरकार सरसकट वजा करू देतं, तुम्ही रंग लावा की नका लावू, आणि लोनचं व्याजही वजा होतं, जे पहिल्या वर्षी सव्वातीन लाखांच्या वर जातं. म्हणजे कागदावर तुम्ही दणदणीत तोट्यात. टॅक्सच्या जुन्या पद्धतीत त्यातला वर्षाला 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत तो पगाराला लावताच येत नाही, आणि नवी पद्धत कोणी निवडलीय? तुम्हीच, गेल्या वर्षी, सीएने सांगितलं म्हणून. पण हे हिला सांगू नका. मी सांगितलं नव्हतं.

आता किरायेदार. नवीन माणसाने फॅमिलीच शोधावी, बॅचलर नको, असं सगळे सांगतात. तुम्ही अनुभव घ्या की. मला पहिली पार्टी मिळाली ती दोन सज्जन मुलांची, पीएससीची तयारी करणारी, म्हटलं ही पोरं क्लासेसवालं भंवरकुआँ सोडून इतक्या लांब आली म्हणजे शांतता हवी असेल, अभ्यासू आहेत. महिनाभराने गेलो तर दारात सात जोडी चपला. "अंकल, ये तो गाँव से आए हैं, दो दिन के लिए." ते दोन दिवस पुढच्या प्रिलिम्सपर्यंत चालले. पोलीस ठाण्यात मी दोघांचीच माहिती दिलेली, बाकीच्या पाचांची आठवण आली की रात्री झोपेतून उठून बसायचो. पण बोलणार कसं, पोरं येता-जाता पाया पडायची, आणि किराया 18 तारखेला का होईना द्यायची.

ॲग्रीमेंट 11 महिन्यांचंच करा. का विचाराल तर 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेकरार नोंदवायला लागतो, म्हणून अख्खा देश एक महिना आधीच थांबतो. स्टॅम्प पेपरवाल्याकडे मजकूर तयार असतो, त्यात नावं बदलायची, माझ्या ॲग्रीमेंटमध्ये एके ठिकाणी आधीच्या कोणाच्या तरी दुकानाचं शटर राहून गेलं होतं, म्हणजे करारानुसार माझा किरायेदार चौथ्या मजल्यावरचं शटर रात्री नीट बंद करायला बांधील होता.

किरायेदार सोडणार नाही ही भीती मात्र मनात ठेवू नका, ती मला शोभते कारण आमच्या घराण्याला त्यातलं सगळं माहीत आहे. आम्ही रामबागेतल्या वाड्यात तीन पिढ्या किरायाने राहिलो. आजोबा महिन्याला 18 रुपये द्यायचे. मालकांनी वाढवा म्हटलं की आजोबा शांतपणे चष्मा पुसायचे आणि 1961 च्या किरायेदारीच्या कायद्याचं नाव घ्यायचे. मालकांनी पैसे घेणं बंद केलं तर आजोबांनी मनीऑर्डर केली, ती परत आली तर कोर्टात भरले, पावत्या सगळ्या तारखेवार दाभणाने ओवून ठेवलेल्या. मालक गणपतीच्या आरतीला आमच्याकडेच यायचे, प्रसाद घ्यायचे आणि जाताना जिन्यातून वर छताकडे बघत म्हणायचे, "तुळई गेलीय हो." आजोबा म्हणायचे, "मालकांनी दुरुस्त करावी." आम्हा पोरांना तेव्हा ते मालक भयंकर विनोदी वाटायचे. तिरकं पागोटं, झिजलेला कोट, आणि वाड्याचा मालक म्हणे.

असो. पॅसिव्ह इन्कमकडे येऊ. पॅसिव्ह म्हणजे तुम्ही काही करायचं नाही, फक्त फोन उचलायचा. दुसरी पार्टी फॅमिली होती, फार चांगली माणसं, त्यांचा फोन सकाळी सात वाजता यायचा. इंदूरला पाणी नर्मदेचं, ती जलूद गावाहून सत्तर किलोमीटर पाइपातून येते, चढ चढून येते, एवढ्या लांबचं तिला काही वाटत नाही, त्रास व्हायचा तो फक्त तुमच्या बिल्डिंगच्या टाकीतून चौथ्या मजल्याच्या नळापर्यंत. मग टँकर. टँकरचे पैसे कोणाचे यावर व्हॉट्सॲपवर चर्चा, त्यात मी एकटाच असा की ज्याने पाणी वापरलेलं नाही पण वर्गणी दिलीय. त्यातून गीझर. गीझर माझा, पाणी खारं बोरिंगचं, कॉइल दर वर्षी जाणार, आणि प्लंबर म्हणणार, "भिया, पिछली बार किसने लगाया था?" गेल्या वेळीही त्यानेच लावलं होतं.

ही फॅमिली गेली तेव्हा मी भिंतींतले खिळे मोजले. एकतीस. हॉलच्या एका भिंतीवर नऊ, एका ओळीत, प्रत्येकाखाली फोटोफ्रेमचा पांढरा चौकोन, म्हणजे माझी भिंत मळली होती आणि त्यांचे पूर्वज स्वच्छ राहिले होते. डिपॉझिटमधून कापायला तोंड उघडलं तर वहिनींनी डब्यात अनारसे आणले, म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासारखे मालक मिळत नाहीत हो." मी पूर्ण डिपॉझिट परत केलं. वर रिक्षात सामान चढवायला मदतही केली. तुम्हीही कराल, बघाच.

मग फ्लॅट तीन महिने रिकामा. हप्ता काही रिकामा बसत नाही. मेंटेनन्स, संपत्तिकर, आणि रिकाम्या घराचंसुद्धा थोडंफार येणारं विजेचं बिल. ही काही बोलत नाही, फक्त ती किराण्याची यादी अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. परवा ब्रोकरला म्हटलं विकूनच टाकू. तो म्हणाला, "बिल्डर के पास तो अभी नए ही खाली पड़े हैं, जानकार पार्टी तो नहीं लेगी." मग जरा विचार करून म्हणाला, "कोई नया आदमी ढूँढते हैं, अपने मराठी लोगों में."

तर कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये ठेवलात ना? टू बीएचके आहे, ईस्ट फेसिंग, बाल्कनीतून मेट्रो दिसते, भिंती नुकत्याच रंगवल्यात, खिळे काढलेत. रविवारी या. किल्ली खाली वॉचमनकडे आहे, लिफ्ट बंद असली तर चौथाच मजला आहे.