फॉर्मवरचे शेरे पुरेसे नाहीत
अधिकाऱ्यांना प्रशिक्षणाच्या कोर्सला पाठवण्याचा खर्च वसूल होतो, असं सांगणारा तुमचा लेख वाचला. पण कोर्स संपताना बहुतेक अधिकाऱ्यांनी 'उत्तम' शेरा दिला म्हणजे पैसे वसूल, हे त्यातलं गणित पटलं नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि कामावरचा परिणाम. शेवटच्या दिवशीचा फॉर्म फक्त पहिली पायरी मोजतो. (प्राध्यापक बोलका असला की तेवढ्यावरही शेरे भरभरून मिळतात!)

खरी अडचण परत आल्यावर सुरू होते. आमच्या विभागप्रमुख अशाच कोर्सहून आल्या आणि निर्णय खालच्यांवर सोपवू लागल्या. पण वरच्या साहेबांना प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा जाब त्यांच्याकडूनच हवा होता. थोड्याच दिवसांत सगळ्या फायली पुन्हा विभागप्रमुखांच्याच टेबलावर. त्या साहेबांना कोर्सला कोण पाठवणार, यावर लेखात एक ओळही नाही.