‘फोटो ताठ आले’ या तक्रारीला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई,

मुलीचे स्थळासाठी काढलेले फोटो ‘आधार कार्डासारखे ताठ’ आले, ती तिच्यासारखी दिसतच नाही आणि वर आम्ही तुम्हालाच बाहेर बसवलं, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्या फाइल परत पाहिल्या. ताठ आलेत, हे खरं.

दुपारी दीडची वेळ आम्हीच दिली होती. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हातून आलेल्या मुलीला १५ मिनिटं पंख्याखाली बसू द्यायचं सोडून सरळ लाइटसमोर उभं केलं. घाम येत असताना लावलेली पावडर थापल्यासारखी दिसते, आणि सगळं लक्ष रुमालाकडे जातं. पहिले १०-१५ फोटो फ्लॅशची सवय होण्यातच जातात, ते द्यायचे नसतात. आम्ही २२ काढून थांबलो.

त्यात ‘हसा, हसा’ चालूच. सांगून आणलेलं हसू ओठांवरच राहतं, डोळ्यांपर्यंत जात नाही. तीन-चार सेकंद धरून ठेवलं की गाल आखडतात. त्यापेक्षा डोळे मिटायचे, तोंडाने श्वास सोडायचा, ‘तीन’ म्हटलं की डोळे उघडायचे आणि तेव्हाच क्लिक. खांदे कानापर्यंत उचलून एकदम सोडले की मान मोकळी होते. वजन मागच्या पायावर, हातात पदराचा काठ. रिकाम्या हातांच्या मुठी वळतात. शिवाय कॅमेरा अगदी हातभर अंतरावर होता. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं आणि माणूस आक्रसतो तो वेगळाच. ८५ एमएमची लेन्स लावून दोन मीटर मागे सरकायला हवं होतं.

‘भांग उलट्या बाजूला दिसतो’ ही तक्रार मात्र मान्य नाही. तिला रोज आरशातला चेहरा दिसतो. फोटोत दिसतो तो इतरांना दिसणारा.

तुम्हाला बाहेर बसवलं, कारण आई समोर असली की प्रत्येक क्लिकनंतर नजर तिकडे जाते, ‘पदर नीट घे’ ऐकलं की खांदे परत वर. पण हे आधी सांगायला हवं होतं, माफ करा.

फोटो पुन्हा काढून देतो, पैसे नकोत. तलावाकाठी काढा म्हणालात, पण तिथे लोक थांबून बघतात, बुजऱ्या मुलीला ते जड जाईल. स्टुडिओतच सकाळी नऊला या. साडी घरूनच तासभर आधी नेसवा, चप्पल रोजचीच असू द्या. पहिली २० मिनिटं तुम्ही बाहेर, नंतर आत.