मुडदा, पांघरूण आणि तिसरा हात

पाऊस लागला की पांघरुणात शिरावं, हातात वाफाळता कप घ्यावा आणि मस्त मर्डर मिस्टरी वाचत पडावं, हे ज्याने कुणी पहिल्यांदा सुचवलं त्याला बहुतेक तीन हात असावेत. फोटोत सगळं झकास दिसतं. काचेवर थेंब, मांडीवर उघडं पुस्तक, बाजूला कप, कपातून फोटोग्राफरला हवी तेवढीच वाफ. फक्त त्या फोटोत पान कोण उलटणार हे कुणी दाखवत नाही.

कारण जाडजूड पेपरबॅक म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवलेली पानं, ती मुळात उघडी राहायला राजीच नसतात. मधे अंगठा घालून दाबून धरावं लागतं, दुसऱ्या हातात कप, पान संपलं की कप खाली, पान पलटी, कप वर, आणि हे सगळं पांघरूण खांद्यावरून घसरू न देता, म्हणजे हनुवटीने दाबून धरून. त्यात मला चष्मा. घोट घ्यायला कप तोंडाशी नेला की काचा धूसर होतात आणि नेमकी त्याच वेळेला नायिका तळघराचं दार उघडत असते. मी काचा पुसेपर्यंत बिचारी कडीला हात लावून ताटकळत उभी.

बरं, सगळं जमलं, उशी बसली, लाइट बरोबर पडला, की बाथरूमला जावंसं वाटतं. हा माझा दोष नाही. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे वळतं, आणि किडन्यांना वाटतं की पाणी जास्त झालंय, लागतात कामाला. वर आपण चहा ओतत असतोच. परत येईपर्यंत उबवलेली जागा थंड आणि चहावर साय.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास आहे तर काहीतरी वैचारिक वाच, मनाला शांती मिळेल. नको. पावसात मला आत्मशोध चालत नाही, पहिल्या दहा-पंधरा पानांत कुणीतरी मेलेलं लागतं. आपण उबेत पडलेलो असताना दुसरं कुणीतरी गार पडलेलं असलं की ऊब जास्त जाणवते, आता हे वाईट आहे पण आहे. आणि हा शौक माझा एकट्याचा नाही. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे 1816 चा युरोपातला उन्हाळा गारठ्यात आणि पावसात गेला, आणि जिनिव्हा सरोवराकाठी सुट्टीला जमलेली मंडळी घरात अडकली. त्यांनी काय केलं, तर भुताच्या गोष्टी वाचल्या, मग त्यांच्यातला कवी बायरन म्हणाला आपण प्रत्येकाने एकेक लिहूया. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीचा (पुढे मेरी शेली) 'फ्रँकेन्स्टाईन' हा राक्षस निघाला, शिवाय बायरनच्या डॉक्टरने गोष्टीत एक व्हॅम्पायर काढला तो वेगळाच. आमच्याकडे पावसात घरात अडकलं की माळा आवरायला काढतात. तिकडे मधेच उठून चहा टाकायची पाळी कुणावर येत नसणार अशी मला दाट शंका आहे.

खाण्याचंही शास्त्र असतं. भुताच्या गोष्टीला कुरकुरीत काही घ्यायचं नाही, स्वतःच्याच चावण्याच्या आवाजात जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत. कोर्टाच्या थ्रिलरला पॉपकॉर्न. परग्रहावरच्या कथेला नूडल्स, दोन्हीत काय कुठून सुरू होतं ते कळत नाही. खुनाला मात्र चहा-बिस्किटच, आणि सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. लेन फिशर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने बिस्किट बुडवण्याचं गणित मांडलं, त्यासाठी त्यांना 1999 चा इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. गंमत अशी की चहा बिस्किटाच्या बारीक बारीक छिद्रांतून वर चढतो, साखर विरघळते, स्टार्च फुगून मऊ पडतो आणि थोड्याच सेकंदांत बिस्किटाला स्वतःचं वजन पेलवत नाही. आता सांगा, इकडे इन्स्पेक्टरने मृतदेहाची मूठ उघडलीय आणि तिकडे माझ्या हातातलं बिस्किट चहात उभं आहे, माणसाने सेकंद कुठे मोजायचे? टप्प. मग चमचा आणायला उठा.

डिटेक्टिव्ह कथांसाठी रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबाबांनी 1929 मध्ये दहा नियम घालून दिले होते. एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा चोरवाटा नकोत, वाचकाची तयारी केल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत, डिटेक्टिव्हने स्वतः खून करायचा नाही, त्याच्या भोळ्या मित्राची अक्कल सरासरी वाचकापेक्षा जराशी, अगदी जराशीच कमी पाहिजे. का, तर वाचकावर अन्याय होऊ नये. किती काळजी! पण लेखकापासून वाचवलं म्हणून झालं का, घरच्यांचं काय? आई खोलीत डोकावते, मला बघते आणि म्हणते, "वाचतोयस ना? म्हणजे मोकळाच आहेस." बायको मागून कव्हर बघते.

"अरे, हे वाचलंय मी."

"काही सांगू नकोस."

"नाही रे सांगत." थोडं थांबून, "फक्त त्या डॉक्टरवर लक्ष ठेव."

यापेक्षा सरळ नाव सांगितलं असतं तर परवडलं असतं, कारण आता डॉक्टरने साधी खोकल्याची बाटली उघडली तरी मी उठून बसतो.

पुस्तक लायब्ररीचं असलं तर आधीच्या वाचकाने पुराव्यांचा सडा टाकलेला असतो. यात खून होतो तिथे पानांच्या बेचक्यात चुरा आहे. साक्षीदारांचे जबाब लांबत जातात तिथे कपाचा गोल, म्हणजे पठ्ठ्याने कंटाळून पुस्तकावरच कप ठेवला. मग बरीच पानं स्वच्छ, अर्थात दोन्ही हातांनी धरून वाचलेली. आणि मग एका पानावर अचानक हा एवढा तपकिरी फवारा. म्हटलं इथे जबरदस्त काहीतरी होतंय, माणूस दचकून उडालाय. ते पान यायच्या आधीच मी शहाण्यासारखा कप खाली ठेवला, चष्मा पुसला, श्वास रोखून वाचायला घेतलं. अख्ख्या पानभर डिटेक्टिव्ह आणि इन्स्पेक्टर ट्रेनच्या वेळा जुळवत होते. बाकी काही नाही. मग डागाच्या कडेला वाळून चिकटलेला बिस्किटाचा तुकडा दिसला.

डॉक्टर अजून तरी सभ्य वागतोय. मी लक्ष ठेवून आहे.